कॉबलस्टोनची मागली खोली



२०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन शहरात, एक चमत्कारिक अंत्ययात्रा निघाली. शवपेटी होती, ती वाहणारे खांदेकरी होते, आणि मागून शेकडो माणसे वाद्ये वाजवीत चालली होती. मात्र पेटीत प्रेत नव्हते. मृताचे नाव म्हणून तिच्यावर ‘डब्लिन’ असे लिहिले होते. शहरच मेले, अशी ही फिर्याद होती. आणि तिचे निमित्त होते एक पब. कॉबलस्टोन नावाच्या या पबाचा मागला भाग पाडून तेथे हॉटेल बांधण्याचा बेत जाहीर झाला होता.

आपल्याकडील पुष्कळांना हे ऐकून हसू येईल, काहींना रागही येईल. दारू विकण्याची एक जागा गेली तर गेली. तिच्यासाठी शवपेटी काय, मिरवणूक काय! आपण ज्या संस्कारात वाढलो त्यांत गुत्त्याविषयी कोणाला जिव्हाळा वाटावा असे काही नाही, आणि मद्यपानाची तरफदारी करण्याचा माझाही हेतू नाही. परंतु त्या अर्जाला विरोध करणाऱ्या प्रचारपत्रावर तीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, तेव्हा ते सारे पेल्यासाठी हळहळत होते असे समजणे बरोबर होणार नाही. त्यांची हळहळ एका विद्येसाठी होती. ती विद्या त्या दुकानात येऊन का राहिली, आणि तेथून तिला हलविणे इतके अवघड का होते, हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

आयरिश लोकसंगीत मूळचे पबातले नव्हे. ते स्वयंपाकघरातले आणि चव्हाट्यावरचे. शेतकऱ्याच्या घरी रात्री शेजारीपाजारी जमत, चुलीजवळ फिडल वाजविणारा बसे, आणि दगडी फरशीवर तरुण मंडळी नाचत. उन्हाळ्यात हीच मंडळी चार वाटा मिळतात तेथे, उघड्यावर जमत. शिक्षणही याच मार्गाने चाले. मुलगा बापाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसे आणि चाल कानाने उचली. कागद फारसा कोणी पाहिलेला नसे.

या व्यवस्थेला मोठा धक्का बसला तो १९३५ साली. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने त्या वर्षी सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. सार्वजनिक नृत्यास न्यायालयाचा परवाना पाहिजे, असे त्यात ठरले. कायद्याचा मूळ रोख घरगुती मेळाव्यांवर होता की नव्हता याविषयी वाद आहे. पण खेडोपाडी पोलीस आणि पाद्री यांनी तो घरातील नाचांवरही चालविला. क्लेअर परगण्यातील ज्युनिअर क्रिहन हे नामांकित फिडलवादक म्हातारपणीही या कायद्याची आठवण विषादाने काढीत. घरांची दारे मिटली आणि संगीताचा आसराच गेला, असे त्यांचे म्हणणे असे. विशेष हे की, परक्या राज्यकर्त्यांच्या अमलात जे टिकले होते त्याला हा घाव स्वराज्यात बसला.

त्यानंतर आला देशांतराचा काळ. १९५० ते १९६० या एका दशकात सुमारे चार लक्ष माणसे आयर्लंड सोडून गेली. त्यांतील बहुतेक इंग्लंडात गेली आणि रस्ते खोदण्याच्या, इमारती बांधण्याच्या कामावर राहिली. लंडनमध्ये त्यांच्या वाट्याला भाड्याची एकेक खोली आली. अशा खोलीत चूल कोठली आणि शेजार तरी कोठला? वाद्य वाजविले तर घरमालकीण दार ठोठावणार. तेव्हा कॅम्डन टाउन, केंटिश टाउन, हॉलोवे या भागांतील पबांत ही माणसे रविवारी वाद्ये घेऊन जमू लागली. कॅम्डन टाउनच्या बेडफर्ड पबात स्लायगोचे मायकेल गोर्मन फिडल वाजवीत आणि कॉर्कच्या मार्गारेट बॅरी बँजोवर गात. हॉलोवेतील फेव्हरिट पबातल्या वादनाची ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली. ती आजही आदराने ऐकली जाते. पबातील जी बैठक आज परदेशी प्रवाशाला अनादि आयरिश चाल वाटते, ती अशी परमुलखात, गरजेपोटी रुजली. हिला ते लोक ‘सेशन’ म्हणतात.

इकडे मायदेशातही काही माणसे जागी होती. डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवर पाइपवादकांचा एक क्लब होता. लिओ रॉसम या थोर वादकाने १९३६ साली त्याचे पुनरुज्जीवन केले होते. त्या क्लबातील मंडळींच्या पुढाकाराने १९५१ साली मलिंगार येथे संगीतकारांची अखिल आयरिश संस्था स्थापन झाली आणि तिचे वार्षिक महोत्सव भरू लागले. १९६० च्या सुमारास शॉन ओ रिआडा या संगीतकाराने लोकवाद्यांचा मेळ प्रतिष्ठित सभागृहात नेला. १९६२ साली डब्लिनच्या ओडॉनहूज पबात गाणाऱ्या मंडळींतून ‘द डब्लिनर्स’ हा मेळ निघाला आणि त्याचे नाव जगभर झाले. लंडनची चाल अशा रीतीने घरी परतली. घराच्या चुलीपुढून उठलेले संगीत पबाच्या शेगडीपुढे येऊन बसले.

या बैठकीचे स्वरूप आपल्या महफिलीपेक्षा फार निराळे आहे. तेथे व्यासपीठ नसते, ध्वनिवर्धक नसतो, तिकीट नसते. एका कोपऱ्यात पाचसात खुर्च्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात. वादकांची तोंडे एकमेकांकडे, श्रोत्यांकडे पाठ. कोणी एकजण चाल सुरू करतो. ज्यांना ती येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते ऐकत राहतात. प्रत्येक चाल बहुधा आठ आठ मात्राखंडांच्या दोन भागांची; ती दोनतीनदा फिरवून, न थांबता, दुसरी चाल धरावयाची. रील चौपट लयीची, जिग सहाच्या लयीची, स्लिप जिग नऊच्या. फिडल, लाकडी बासरी, टिनची शिट्टी, कॉन्सर्टिना, बँजो, आणि बोडरान नावाचा एकतोंडी डफ, असा सरंजाम. नवखा मनुष्य आधी विचारून बसतो, कडेला बसतो, आणि महिनोन्‌महिने हळूच वाजवीत राहतो. त्याला शिकविण्यास कोणी नेमलेला नसतो आणि सगळेच त्याला शिकवीत असतात.

यात सर्वांत कठीण वाद्य म्हणजे इलन पाइप. तोंडाने न फुंकता कोपराखाली भाता दाबून पिशवीत हवा भरावयाची, बोटांनी सूर काढावयाचे, आणि मनगटाने साथीच्या नळ्यांच्या कळा दाबावयाच्या. हे वाद्य पुस्तकावरून येत नाही. १९६८ साली पाइपवादकांची स्वतंत्र संस्था निघाली तेव्हा हे वाजविणारे सबंध जगात शंभरही उरले नव्हते, असे सांगतात. २०१७ साली युनेस्कोने या वादनपरंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. पन्नास वर्षांतला हा पालट ग्रंथांनी घडविला नाही. ग्रंथ होतेच. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ सालीच १८५० चाली स्वरलिपीत छापून ठेवल्या होत्या. पण स्वरलिपीत चालीचा सांगाडा राहतो. कोठे बोट किंचित घसरावे, कोठे श्वासाइतकी जागा सोडावी, हे सारे शेजारी बसल्यावाचून कळत नाही. शेजारी बसण्यास जागा लागते. आणि पबाचा प्रश्न आपल्या विषयात येतो तो नेमका येथे.

आता कॉबलस्टोनकडे वळू. डब्लिन शहरातून लिफी नदी वाहते. तिच्या उत्तरेस स्मिथफील्ड नावाचा लांबट चौक आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो गुरांच्या बाजारासाठी आखण्यात आला. पुढे शेकडो वर्षे येथे गुरे, गवत आणि घोडे यांचा व्यापार चालला. घोड्यांचा बाजार तर अगदी अलीकडेपर्यंत गाजत असे. शेजारच्या बो स्ट्रीटवर जेमिसन यांची व्हिस्कीची भट्टी होती; ती १९७१ साली बंद झाली आणि त्यानंतर या वस्तीला उतरती कळा लागली. चौकात गोल दगडांची फरसबंदी आहे. अशा दगडाला इंग्रजीत कॉबलस्टोन म्हणतात, आणि चौकाच्या उत्तर टोकाला, नॉर्थ किंग स्ट्रीटवर असलेल्या पबाला तेच नाव मिळाले.

हा पब सुमारे १९८७-८८ पासून मलिगन कुटुंब चालवीत आले आहे. या घराण्यात संगीत मुरलेले आहे. लीट्रिम परगण्यातून डब्लिनला आलेले थोरले टॉम मलिगन फिडल आणि पाइप वाजवीत. त्यांचे एक पुत्र नीली हे इलन पाइपचे नामवंत वादक, आणि दुसरे पुत्र, त्यांचेही नाव टॉमच, यांनी हा पब हाती घेतला. त्या वेळी स्मिथफील्ड हा ओसाड आणि गरीब भाग होता. भाड्याने जागा मिळणे सोपे होते. पबाच्या पुढल्या भागात खिडकीपाशी वादकांसाठी जागा राखून ठेवण्यात आली. आठवड्याच्या सातही दिवशी तेथे बैठक बसे. मागे एक मोठी खोली होती. तिथे जाहीर कार्यक्रम होत, शिकाऊंचे वर्ग चालत, नाचाचे मेळावे भरत. लँकम हा आज परदेशांतही ऐकला जाणारा मेळ, त्यातील मंडळी येथे वाजवीत आलेली. आमचा पिण्याचा पब आहे, पण त्याला संगीताची व्याधी जडली आहे, अशी या घरची स्वतःविषयीची थट्टा प्रसिद्ध आहे.

पुढे काळ बदलला. १९९० नंतरच्या दशकात आयर्लंडची भरभराट सुरू झाली. स्मिथफील्डचा चौक नव्याने नटविण्यात आला, जुनी व्हिस्कीची भट्टी प्रेक्षणीय स्थळ झाली, उंच बिऱ्हाडखान्यांच्या रांगा उठल्या, ट्रॅम आली. जी जागा कोणाला नको होती ती सर्वांना हवीशी झाली. हे जगातील सर्व शहरांत घडते. आधी पडीक भागात कलावंत जातात, कारण भाडे थोडे. त्यांच्यामुळे त्या भागाला रंग चढतो. आणि मग त्या रंगाची किंमत इतकी वाढते की, तो चढविणारालाच तेथून उठावे लागते. शहरात प्रवाशांचा ओघ वाढला, हॉटेलांची वाण पडली, आणि जिकडेतिकडे हॉटेलांचे अर्ज येऊ लागले. फ्रान्सिस स्ट्रीटवरील टिव्होली नाट्यगृह २०१९ साली बंद होऊन पाडले गेले आणि तेथे प्रवाशांसाठी निवासगृह बांधण्यात आले.

२०२१ च्या शरद ऋतूत जो अर्ज महापालिकेकडे आला, तो कॉबलस्टोनच्या परिसरात नऊ मजली, शंभराहून अधिक खोल्यांचे हॉटेल बांधण्याचा होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अर्जदारांनी सबंध पब पाडण्याचे म्हटलेले नव्हते. रस्त्याकडील जुना दर्शनी भाग आणि पुढली बार राखावयाची, मात्र मागली खोली आणि मोकळे अंगण काढून टाकावयाचे, असा तो बेत होता. वरवर पाहता ही तडजोड समंजस वाटते. दार राहणार, पाटी राहणार, खिडकी राहणार. पबात संगीत चालू नये असेही कोणी म्हणत नव्हते. तरी वादकमंडळी खवळली, कारण त्यांना ठाऊक होते की, या पबाचे काळीज मागल्या खोलीत आहे. पुढल्या कोपऱ्यात जे ऐकू येते ते मागे शिकलेले असते. मागली खोली गेली तर पुढे काही वर्षे वाजत राहील; मग वाजविणारे थकतील, आणि त्यांच्या खुर्च्यांवर बसण्यास कोणी तयार झालेला नसेल. तेव्हा हॉटेलातील पाहुण्यांसाठी भाड्याने वादक बोलवावे लागतील. दर्शनी भिंत मात्र जशीच्या तशी उभी असेल.

ही भीती कल्पनेतली म्हणता येणार नाही. डब्लिनला या बाबतीत जुना अनुभव आहे. फिशॅम्बल स्ट्रीट नावाची एक जुनी गल्ली तेथे आहे. १३ एप्रिल १७४२ रोजी त्या गल्लीतील नव्या संगीतगृहात हँडेलचा ‘मसाया’ जगात प्रथमच गाइला गेला. त्या दिवशी दाटी इतकी होणार होती की, स्त्रियांनी फुगीर घागऱ्यांचे सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्या, अशी आगाऊ विनंती करण्यात आली. सुमारे सातशे माणसे आत मावली. त्या उत्पन्नाचा काही भाग कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी खर्च झाला आणि १४२ माणसे मोकळी झाली. त्या संगीतगृहाचे आज काय उरले आहे? प्रवेशाची एक कमान. शेजारी हँडेलचे नाव धारण करणारे एक हॉटेल निघाले. दरवर्षी त्या तारखेला लोक गल्लीत उघड्यावर जमतात आणि ‘मसाया’मधील भाग गातात, हे चांगलेच आहे. परंतु ज्या छपराखाली ते सूर प्रथम उमटले ते छप्पर राखण्याचे त्या शहराला साधले नाही.

विसाव्या शतकातही असेच घडले. १९६५ साली लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरील अठराव्या शतकातील सोळा घरे, एका ओळीने, विद्युत्‌मंडळाच्या कचेरीसाठी पाडण्यात आली. त्यानंतर पाडापाडीला विरोध वाढला तेव्हा काही ठिकाणी जुन्या धर्तीच्या दर्शनी भिंती नव्या कचेऱ्यांना जोडण्याची युक्ती निघाली. लोक भिंती पाहून समाधान मानतील, हा तिच्यामागील हिशेब. पुढे १९७४ पासून नदीकाठच्या वुड की या जागी उत्खनन झाले आणि हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंग वस्तीचे अवशेष सापडले. कुडाच्या भिंती, लाकडी वाटा, कंगवे, मापे, सारे ओल्या मातीत टिकून राहिले होते. महापालिकेला नेमक्या त्याच जागी आपल्या कचेऱ्या बांधावयाच्या होत्या. मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक, आणि स्वतः धर्मगुरू असलेले, एफ. एक्स. मार्टिन यांनी लढा उभारला. उच्च न्यायालयाने जागेला राष्ट्रीय स्मारक ठरविले. २३ सप्टेंबर १९७८ रोजी सुमारे वीस हजार नागरिक रस्त्यावर आले. १९७९ च्या जूनमध्ये नामवंत लेखक आणि विद्वान त्या जागेत ठाण मांडून बसले. तरीसुद्धा कचेऱ्या झाल्याच. अवशेष पेट्यांत भरून संग्रहालयात गेले, आणि वस्तीच्या जागी ग्रॅनाइटच्या इमारती उभ्या राहिल्या. वुड की आणि फिशॅम्बल स्ट्रीट अगदी लागून आहेत, हे नकाशा पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येईल. कॉबलस्टोनच्या अर्जाचा निर्णय ज्या महापालिकेने करावयाचा होता तिचे मुख्य कार्यालय वुड कीवरील याच इमारतींत आहे!

असा सगळा इतिहास पाठीशी असता २०२१ सालच्या लोकांना आशा वाटली ती कशाच्या बळावर? माझ्या मते एका साध्या कायदेशीर तरतुदीच्या बळावर. आयर्लंडमध्ये नगररचनेचा कायदा १९६३ साली झाला, आणि त्याने सामान्य माणसाला एक मोठा हक्क दिला. बांधकामाचा अर्ज आला की पाच आठवड्यांच्या आत कोणीही, त्याचा त्या जागेशी मालकीचा संबंध असो वा नसो, लेखी म्हणणे मांडू शकतो. त्यासाठी वीस युरो शुल्क भरावे लागते. निर्णय पटला नाही तर ज्याने म्हणणे मांडले त्याला वरिष्ठ यंत्रणेपुढे अपील करता येते. शेजारच्या इंग्लंडात अशा त्रयस्थाला अपिलाचा हक्क नाही. शवपेटीची मिरवणूक वर्तमानपत्रांत छापून आली. पण प्रकरणाच्या कागदांत तिला जागा नव्हती. कागदांत गेली ती लोकांची लेखी म्हणणी. एरवी मोठ्या इमारतीविरुद्ध थोडीच पत्रे येतात. येथे ती सातशेच्या घरात गेली. वादक, शिक्षक, शेजारी, परगावचे शिष्य यांनी वीस वीस युरो भरून, स्वतःच्या सहीने, आपापले म्हणणे दाखल केले. या आंदोलनातून घेण्यासारखा पाठ हा आहे. घोषणा करणे सोपे असते. दिलेल्या मुदतीत, ठरलेल्या कचेरीत, नेमके म्हणणे लिहून देणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि निर्णय बहुधा त्यावरच ठरतो.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. नियोजित इमारत आजूबाजूच्या जुन्या घरांच्या मानाने फार मोठी आणि त्यांना दडपून टाकणारी आहे, हे एक कारण होते. आणि ते अपेक्षितच होते, कारण उंचीरुंदी मोजणे हे महापालिकेचे नेहमीचे काम. महत्त्वाचे कारण दुसरे. सांस्कृतिक उपयोगाची एक प्रतिष्ठित जागा यामुळे नष्ट होईल आणि ते शहराच्या विकास आराखड्यातील सांस्कृतिक धोरणाशी विसंगत आहे, असेही निर्णयात नमूद झाले. म्हणजे विटांच्या पलीकडे तेथे काय चालते, याची दखल सरकारी कागदाने घेतली. वुड कीच्या वेळी उच्च न्यायालयाने दिलेला शब्दही पुरला नव्हता. येथे एका मागल्या खोलीतील शिकवणी निर्णयाच्या पारड्यात पडली. हॉटेल तेथे उभे राहिले नाही.

आता दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. जागा मलिगन कुटुंबाच्या मालकीची नव्हती. ते भाडेकरू होते. मालकाला आपल्या जमिनीचा उपयोग करून घेण्याचा हक्क नाही काय? शहराला प्रवाशांसाठी खोल्या नकोत काय? हॉटेलामुळे लोकांना काम मिळते, ही गोष्ट खरी. शिवाय संगीताचे नाव पुढे करून प्रत्येक दुकानदार आपले भाडे गोठवू पाहील, ही शंकाही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. या आक्षेपांना माझे उत्तर एवढेच की, मालकाचा हक्क तेथे कोणी बुडविला नाही. त्याला एका विशिष्ट रीतीने आणि विशिष्ट आकाराने बांधण्यास मनाई झाली. शहरात बांधकाम करणाऱ्या प्रत्येकावर अशी बंधने असतातच. गटाराची वाट अडविता येत नाही, शेजाऱ्याचा उजेड कोंडता येत नाही. दोन पिढ्यांनी रुजविलेली विद्या ही उजेडाइतकी मौल्यवान आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि प्रवासी डब्लिनला येतात ते काही अंशी हेच संगीत ऐकण्यासाठी. त्यांना झोपावयास खोली देण्याकरिता ते ज्यासाठी आले तेच मोडणे, हा व्यवहार तरी शहाणपणाचा कसा म्हणावा?

भिंत आणि विद्या यांतील भेद लंडनमधील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. किलबर्न भागात कार्लटन टॅव्हर्न नावाचा १९२०-२१ साली बांधलेला पब होता. त्याला संरक्षण देण्याचा विचार चालू असताना, एप्रिल २०१५ मध्ये, परवानगीवाचून तो पाडण्यात आला. स्थानिक पालिकेने हार मानली नाही. विटेला वीट लावून जसा होता तसाच पुन्हा बांधून द्या, असा तिने हुकूम काढला; चौकशीत तो कायम झाला; आणि २०२१ साली तोच पब त्याच जागी, त्याच रूपात पुन्हा उघडला. नगररचनेच्या इतिहासात हा मोठा विजय मानतात, आणि तो खराच आहे. परंतु हे शक्य झाले ते वास्तूची मापे आणि नमुने हाती होते म्हणून. संगीताच्या बैठकीचा असा नकाशा काढता येत नाही. मंगळवारी अमक्या खुर्चीवर कोण बसतो, कोणाची चाल कोण पुढे नेतो, भिडस्त पोराला ‘आता तू सुरू कर’ असे कोण म्हणतो, हे कोणत्या कचेरीत लिहून ठेवले आहे? सहा वर्षे बैठक मोडली तर कोणत्याही न्यायाधीशाच्या हुकमाने ती पुन्हा जुळविता येणार नाही. ज्याची भरपाई होऊ शकत नाही त्याच्या बाबतीत आधी जपणे एवढाच उपाय उरतो. आणि जुन्या घरांपेक्षा जुन्या बैठकींची काळजी अधिक तातडीने घ्यावी लागते ती यासाठी.

हा विजय कितपत टिकाऊ आहे, याविषयीही भ्रम नसावा. नाकारलेला अर्ज म्हणजे एक नाकारलेला अर्ज. मालक नवा आराखडा घेऊन पुन्हा येऊ शकतो. भाडेपट्टा संपू शकतो. ज्या हातांनी पब चालविला ते हात थकू शकतात. कायदा एखादी खोली पाडू देणार नाही, पण तीत रोज संध्याकाळी वाजविण्यास कोणाला भाग पाडू शकणार नाही. १९३५ च्या कायद्याने दारे मिटली तेव्हा हे संगीत बुडाले नाही, कारण वाजविणाऱ्यांनी नवी जागा शोधली. २०२१ च्या निर्णयाने एक दार उघडे राहिले. आत येऊन कडेच्या खुर्चीवर बसणारा नवा मुलगा मात्र रोज यावा लागतो.

एखाद्या शहराने काय जपावे हे ठरविताना आपली नजर बहुधा कळसाकडे, कमानीकडे, दगडी कोरीवकामाकडे जाते. ते जपावेच. पण कोणत्याही गावात अशा दोनचार ओबडधोबड खोल्या असतात की, ज्यांत पाहण्यासारखे काही नसते आणि ज्यांतून शिकलेली माणसे बाहेर पडतात. त्या खोल्यांवर पाटी नसते, म्हणून त्या पाडल्या जाताना आवाज होत नाही. डब्लिनच्या लोकांनी त्यांपैकी एकीसाठी मुदतीच्या आत आवाज केला. सातशे पत्रे लिहिणाऱ्या त्या माणसांपैकी पुष्कळांना पाइपमधून एक सूरही काढता येत नसेल. पण आपल्या गावात तो कोठे शिकावयास मिळतो, हे त्यांना ठाऊक होते.